पीव्हीसीचा पिंजरा

नवऱ्याला पन्नाशीत गाडी पळवायचा नाद लागला. पत्त्यांपेक्षा बरा, म्हणून मी सुरुवातीला काही बोलले नाही. इथून दोन-अडीच तासांवर एक डांबरी ट्रॅक आहे. आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि दिवसभर वळणं घेत फिरायचं. आमची गाडी साधी, जुनी हॅचबॅक. तिला त्यानं चांगले टायर घातले, ब्रेक बदलले आणि अधूनमधून रविवारी तो तिकडं जाऊ लागला. बाकीचे दिवस तीच गाडी घरची. कंपनीत तो मोटारसायकलवर जातो. बाजाराच्या दिवशी सुट्टी घेऊन तो मला आणि सासऱ्यांना तळेगाव ढमढेऱ्याला नेतो. दुसरी गाडी आमच्याकडं नाही.

एकदा मी सोबत गेले. माझ्यासमोर एक गाडी वळणावर घसरली, मातीत गेली आणि कोलांट्या खात टपावर उलटी पडली. आतला माणूस खिडकीतून सरपटत बाहेर आला, कपडे झटकले आणि चहा मागितला. त्याच्या गाडीत लोखंडी पाइपांचा सांगाडा होता. रोल केज म्हणतात त्याला, पण तिथं सगळे पिंजराच म्हणत होते. टप चेपला होता, पिंजरा होता तसा होता. मी आमच्या गाडीत डोकावले. नवऱ्याचं डोकं आणि टप यांच्यामध्ये फक्त एक कापड होतं.

परत येताना मी म्हटलं, "पिंजरा बसवा, नाहीतर ट्रॅक बंद."

"बसवतो," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच तो घरचा नळही दुरुस्त करत नाही.

माझं दौंड रस्त्याला पाइप आणि ठिबकचं दुकान आहे, त्यामुळं पाइपाच्या बाबतीत मला कुणी सहसा फसवत नाही. नवरा आधी शिरूरच्या एका फॅब्रिकेटरकडं गेला. तो ट्रॅक्टरचे हुड आणि उसाच्या ट्रॉल्या करतो. तो माणूस थेट माझ्या दुकानात आला.

"वहिनी, काळजीच करू नका. दोन इंची जीआय पाइप तुमच्याकडनंच घेतो. असा पिंजरा करतो की वर हत्ती बसला तरी वाकणार न्हाई."

"तो पाण्याचा पाइप आहे, भाऊ."

"पाण्याचा असला तरी लोखंडच हाय की."

"त्याला शिवण असते. जोरात आपटला की शिवणीवर फाटतो. असले फाटलेले पाइप लोक माझ्याकडं घेऊन भांडायला येतात."

तो नवऱ्याकडं बघून हसला. "मालकीणच माल विकंना. आता मी काय बोलू?"

मग नवऱ्यानं पुण्याच्या एका वर्कशॉपला स्पीकरवर फोन लावला. ते फक्त पिंजरेच करतात, बिनशिवणीच्या नळीचे. त्यांच्याकडं मुख्य प्रकार दोन. अर्धा पिंजरा म्हणजे पुढच्या सीटांच्या मागं एक कमान, तिच्यात एक तिरका पाइप आणि मागं जाणारे दोन टेकू. पूर्ण पिंजऱ्यात याशिवाय काचेच्या कडेनं, टपाच्या कडेनं आणि दारांतूनही पाइप. नवऱ्याला पूर्णच हवा होता. जितके पाइप जास्त तितका जीव सुरक्षित, असा त्याचा हिशेब. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

वर्कशॉपवाल्यानं विचारलं, "गाडी रस्त्यावर चालवता?"

"रोज नाही. पण चालवतो."

"हेल्मेट घालून?"

"बाजाराला कोण हेल्मेट घालून जातं?"

"मग जरा विचार करून सांगा," म्हणून त्यानं फोन ठेवला. आम्हाला त्याचं म्हणणं नीट कळलं नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवी लाइन टाकायची असली की आधी चिकटवायचं सोल्युशन न लावता सगळी जोडणी कोरडीच करून बघायची. कुठं अडतं, कुठं कमी पडतं ते कळतं, आणि पाइप वाया जात नाही. मी दुकानातून दीड इंची पीव्हीसीचे तुकडे, एल्बो आणि टी असे जोड आणले. आम्ही दोघांनी दुपारभर बसून गाडीत पूर्ण पिंजरा उभा केला. पांढराशुभ्र, कोरडा. नवरा त्यात बसला आणि स्टिअरिंग धरून एकटाच हसत राहिला. मी काही त्याचा फोटो काढला नाही, पण काढायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबा, म्हणजे माझे सासरे, पटका बांधून तयार होऊन आले. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेला माणूस. ऐंशी उलटली तरी चालायला कंटाळत नाहीत, पण गाडीत पुढचं सीट त्यांचं. त्यांनी दार उघडलं आणि थांबले.

"ही काय गत केली गाडीची?"

"सुरक्षेसाठी आहे, आबा," नवरा म्हणाला.

"कुणाच्या? मला तर आत शिरू देईना."

दारातल्या आडव्या पाइपावरून पाय टाकावा लागत होता.

"आधी पाय घ्या, आबा."

"पाय माझा हाय. कुठं न्यायचा ते मला ठावं हाय."

शेवटी ते पाठमोरे आत शिरले. पटका बाहेर, नवऱ्याच्या हातात राहिला.

गावाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर नवऱ्यानं सवयीनं जरा वेग ठेवला. मागं माझं कपाळ कमानीवर आपटलं आणि एक टी निघून मांडीवर पडला. पुढं आबांचं कानशील टपाच्या पाइपाला लागलं, तो पाइप टक्कन सुटला आणि त्यांच्या खांद्यावर लोंबत राहिला. नवऱ्याला आधी हसू आलं. मग त्यानं गाडी कडेला घेतली.

"हा लोखंडाचा असता तर?" मी विचारलं.

पुण्याचा माणूस काय विचारत होता ते तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं. ट्रॅकवर हेल्मेटच्या आतलं डोकं जो पाइप वाचवतो, तोच रस्त्यावर उघडं डोकं फोडतो.

बाजारात नेहमीच्या भाजीवालीनं काचेतून आत बघितलं. "आबा, गाडीत ठिबक बसवलं व्हय?"

"व्हय," आबा म्हणाले. "आता ऊस लावायचा ऱ्हायलाय."

घरी येऊन आम्ही पुढचे सगळे पाइप काढले आणि नुसती मागची कमान ठेवली. पुढं दोन माणसं मोकळी बसत होती. पण मागं बसलेल्याच्या तोंडासमोर तो तिरका पाइप येत होता. म्हणजे मागं ओझं ठेवायचं, माणूस बसवायचा नाही. आणि मागची जागा माझी. आमच्याकडं सून सासऱ्याच्या शेजारी पुढं बसत नाही. तसं कुणी सांगितलेलं नाही, पण तीस वर्षं मी मागंच बसते.

नवरा टायरकडं बघत म्हणाला, "राहू दे मग. पिंजराबी राहू दे, ट्रॅकबी राहू दे." भूक लागलेली असताना तो नाही म्हणतो ना, तसं.

त्याच्या या एका वाक्यावर मी त्याला आणखी दोन ट्रॅक दिले असते. "बसवा तुम्ही. मी वडापच्या जीपनं जाईन बाजाराला."

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. "तू जीपनं गेल्यावर भाजी कोण बघून घ्यायचं? ह्यो? ह्याला मेथी आन् शेपू कळंना." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुला गाडी येती न्हवं?"

"येते की. दौंडला माल आणायला मीच जाते."

"मग तू चालव. ह्यो येईल मागनं फटफटीवर."

"आबा, गाडी माझी आहे," नवरा म्हणाला.

"आयतवारी तुझी."

शेजारी बसण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

पुण्याला अर्धा पिंजरा बसला. गाडीचा पत्रा पातळ, म्हणून कमानीच्या पायांना पत्र्याच्या वरून आणि खालून जाड प्लेटा, मध्ये बोल्ट. डोक्याजवळच्या भागावर कडक फोम. तो मी अंगठ्यानं दाबून बघितला आणि एका जागी आणखी लावायला सांगितला. आबांना पटक्यासह पुढच्या सीटवर बसवून मान मागं टाकायला लावली. पाइप लागत नव्हता.

पुढच्या बाजाराला स्टिअरिंगमागं बसून मी सवयीनं डोक्यावरून पदर घेतला आणि त्यावरून बेल्ट लावला. आबांनी समोर नजर ठेवली. नवरा मोटारसायकलवर पिशव्या अडकवून पुढं निघून गेला. वडगाव रासाईचा फाटा मागं पडला तसे आबा बोलायला लागले. कोणत्या माळावर मेंढरांचा वाडा बसायचा, कुठं पाणी गोड होतं, कुणी मेंढरं हाकलून लावली आणि कुणी भाकरी दिली. मला यातलं फारसं माहीत नव्हतं. मागच्या सीटवर इंजिनाच्या आवाजात त्यांचं निम्मं बोलणं ऐकू यायचंच नाही, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

"त्या तिथं," म्हणून त्यांनी हात लांब केला.

"आबा, हात खाली घ्या. आरसा दिसत नाही."

त्यांनी हात खाली घेतला आणि सांगणं चालू ठेवलं.