अकरा भेगांची कमान

खोदकामावर किस्से आपोआप साठतात. माती चाळणीतून खाली जाते, किस्सा वर राहतो. मी आठवीत शाळा सोडली. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून सांगतो. सगळे किस्से एकाच कमानीचे आहेत.

गारखेड्याच्या पुढं एका जहागीरदारांची बाग होती. दुष्काळात झाडं वाळली आणि शहराचे प्लॉट कुंपणाला येऊन टेकले. बागेच्या मधोमध एका खोलगट जागेत ही पडकी कमान, आत्ता कोसळेल अशी. आमचे मेंढरंवाले भर उन्हातही तिच्या सावलीला बसायचे नाहीत. कळप लांबून वळवायचे.

तिथं खोदकाम करायला पुरातत्त्व खात्याच्या एक मॅडम आल्या. मुकादम रफिकचाचा, चाळणीवर माझी सख्खी मावशी कौसा, ब्रश मारायला मी आणि खणायला आणखी दोघं.

*

पहिल्या दिवशी कमानीखाली कुणी उतरेना. चाचा म्हणाले, "मॅडम, ये गिरने को बैठी है."

मावशी म्हणाली, "माझी आजी बी हेच म्हणायची. आजी गेली, ही हाय तिथंच."

पण उतरली तीही नाही. शेवटी मॅडम एकट्याच खाली गेल्या आणि आम्ही काठावरून त्यांच्याकडं बघत राहिलो.

*

तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला भेगा जवळून दाखवल्या. प्रत्येक भेगेच्या काठावर छिन्नीचे घाव होते. खाली खणलं, तर पडलेला दगड एकही निघाला नाही.

"ही पडलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "पडल्यासारखी बांधलीय. जहागीरदारांच्या आजोबांना बागेत शोभेला पडकं हवं होतं."

चाचांनी एका घावावरून अंगठा फिरवला. "म्हंजे बांधतानाच मोडकी? आम्ही अशी बांधली तर मालक हाकलून देतो."

मॅडमनी कमानीचं चित्र काढून भेगांना नंबर दिले. अकरा भेगा. रोज सकाळी फोटोच्या आधी त्या ब्रशनं साफ करायचं काम माझं. महिन्याभरात मला त्या पाठ झाल्या. तिसरी पालीच्या शेपटीसारखी. सातवी मधेच दोन फाटे फुटलेली.

*

मग सगळ्यांची भीती गेली, माझी सोडून. त्या माळावर दुसरी सावलीच नव्हती. मावशीनं चाळणी थेट कमानीखाली मांडली. मी मात्र ब्रश मारून झाला की बाहेर यायचो आणि भाकरी उन्हात बसून खायचो.

"शोभेची हाय रे ती," मावशी हसायची. "ये हिकडं, डोकं तापंल."

"राहू दे त्याला," चाचा म्हणायचे. "मेंढरांत वाढलाय. मेंढरं जिथं जात नायत तिथं हा बी जात नाय."

*

शेजारच्या प्लॉटवर बोअरची मशीन आली. दोन दिवस घरघर चालली. पाण्याचा पत्ता नाही, नुसता धुरळा. जमीन अशी थरथरायची की दातांत कळायचं.

पहिल्याच दुपारी मावशीच्या पदरावर काहीतरी भुरभुरलं. मी म्हणालो, "मावशी, वरून पडलं."

"चाळणीची धूळ असंल."

आमची माती काळी. पदरावर पडलेलं पांढरं होतं, चुन्यासारखं. हे तिला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. चाचा हसतील म्हणून गप्प बसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश मारताना मी भेगा मोजल्या. बारा.

कागद पाहिला. अकरा. पुन्हा मोजल्या. बारावीच्या काठावर छिन्नीचा घाव नव्हता. तिच्यात माझं नख गेलं, आणि थोड्या वेळानं बोट गेलं.

तोवर पाचही जण खाली उतरले होते. मॅडम मापाची फीत धरून, मावशी चाळणीशी. मी बाहेर पळत आलो आणि हाक मारली. मशीनच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. पुन्हा तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

काठावर आमचा पाण्याचा ड्रम होता. टँकर आता चार दिवसांनी येणार होता. मी ड्रमला खांदा लावला आणि तो खड्ड्यात आडवा केला.

पाणी सगळ्यांना दिसलं. चाचा शिव्या देत वर आले. दोघे मजूर आले, भिजलेले कागद छातीशी धरून मॅडम आल्या. मावशी सगळ्यात शेवटी, हात उगारूनच.

"मेल्या, चार दिवसांचं पाणी..."

तिच्या मागून पांढरा लोट आला आणि आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. धूळ बसली तेव्हा कमानीच्या जागी आभाळ होतं, आणि मावशीचा हात अजून वरच होता.