थोरलीची खोली

बारसं झालं त्याच दिवशी दुपारी मी माहेराहून, हट्टा गावाहून निघाले. मांडीवर बारा दिवसांचं लेकरू, कानाला घट्ट बांधलेला रुमाल आणि बैलगाडीत शेजारी तोंड फुगवून बसलेला तुझा बाप, म्हणजे माझा दादा. बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत माहेरचा उंबरा ओलांडत नसते. मी ओलांडला. माझी माय दारात आलीच नाही. आतूनच म्हणाली, “जा. पण लेकराला काही झालं तर माझ्या दारात रडत येऊ नको.” गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत मी मान वळवून पाहत होते. दार काही उघडलं नाही.

सुमन, तू पत्रात दोन गोष्टी विचारल्यास. जुनं घर पाडून नवं बांधायचंय, तर खिडक्या किती ठेवू, ही एक. आणि आत्याबाई, तुम्ही तेव्हा काहून पळून गेलात, ही दुसरी. दोन्हीचं उत्तर एकच आहे. आता सांगून टाकते. माय नाही, दादा नाही, ऐकून दुखावणारं कुणी उरलं नाही.

आपलं ते माळवदाचं घर मोठं हुशार. दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती. वैशाखात बाहेर जमीन तापलेली असायची आणि आत गार वाटायचं. पौषात तीच भिंत ऊब धरून ठेवायची. खिडकी म्हणून नव्हती. धूर जायला आणि उजेड यायला छतात एक भोक असायचं, त्याला आपण सानं म्हणतो. मागची बाळंतिणीची खोली तर अगदीच बंद. एक दार आणि वर एक सानं, बस.

त्या खोलीत आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पहिली बायको बाळंतीण असतानाच गेली, लेकरासकट. तिला सगळे थोरली म्हणत. नंतर माय आली. मायला चार लेकरं झाली. दादा आणि मी जगलो, आमच्यामधले दोन मुलगे त्याच खोलीत पंधरा दिवसांच्या आत गेले. थोरलीनं नेले, असं गाव म्हणायचं. मायही म्हणायची, पण रागानं नाही. सणाला पहिला घास थोरलीच्या नावानं काढायची, आणि भाकरी थापताना तिच्याशी बोलायचीसुद्धा. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लग्न होऊन मी सिकंदराबादला गेले. नवरा रेल्वेत कारकून. क्वार्टर केवढं, तर दीड खोली; पण समोरासमोर दोन खिडक्या. वाऱ्यानं चूल धड पेटायची नाही. मी त्या खिडक्यांच्या नावानं रोज शिव्या घालायची. आमच्याच ओळीत एका हिवाळ्यात एका नवरा-बायकोनं पेटती शेगडी आत घेतली, दारं लावली आणि सकाळी दोघंही उठले नाहीत. शेजारी एक नर्सबाई राहायची. ती म्हणाली, “धुवाँ दिखता, तो आदमी भागता. जो नहीं दिखता, वो सुला देता.” मी ऐकलं, हळहळले आणि विसरून गेले.

पहिलटकरीण म्हणून माहेरी आले तेव्हा जर्मनची लढाई नुकती सुरू झाली होती. पौषात पोरगं झालं. मायनं जीव ओतून केलं हो. गोवऱ्या अंगणात पेटवायच्या, धूर पुरता जाऊ द्यायचा आणि मग लालबुंद विस्तव शेगडीत घालून माझ्या बाजेखाली सरकवायचा. दाराला वाकळ टांगलेली. वारं लागू नये म्हणून सान्यातही चिंध्या कोंबलेल्या. खोटं कशाला बोलू, शेक फार सुखाचा होता. अंग नुसतं सैल व्हायचं.

चौथ्या दिवशी भरदुपारी मी डोळे उघडले तर बाजेच्या पायथ्याशी बाई बसलेली. माझ्याकडं पाठ, डोक्यावरून पदर, आणि मांडी हलवत होती, लेकराला निजवताना हलवतात तशी. मला बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. ओरडावं म्हटलं तर जीभ उचलेना. तेवढ्यात माय वाकळ सारून आत आली. ओव्याची धुरी ठेवायला पायथ्याशी आली आणि ती बाई बसली होती तेवढी जागा सोडून, वळसा घालून गेली.

“दिसली व्हय?” मायनं इतकं साधं विचारलं, जणू शेजारची विहीणबाई आली असावी. “लेकराचं तोंड झाक. तिच्याकडं बघू नको, ती आपली बसून जाती.”

मग ती रोज यायची. माझं डोकं ठणकायचं, पोटात ढवळायचं. पोरगं दूध ओढेना. गाल लाल, पण हातपाय लुळे. उन्हात तेल लावायला बाहेर नेलं की मात्र घर डोक्यावर घ्यायचं आणि अधाशासारखं प्यायचं. आठव्या दिवशी माय हळदीच्या शेतात अडकली आणि शेगडी विझली. दुपारभर मी पायथ्याकडं टक लावून होते. त्या दिवशी ती आली नाही. डोकंही दुखलं नाही. तेव्हा मला नर्सबाईचं बोलणं आठवलं आणि अंगावर काटा आला. थोरली दिसायची तेव्हाही आला नव्हता इतका.

मी बाजेवर उभी राहिले आणि काठीनं सान्यातला बोळा ओढला. वरच्या चिंध्या पडल्या आणि त्यांच्यामागून दोन दुपटी पडली. लहान लेकराची, काजळीनं काळी झालेली. मायच्या हातचे टाके मी ओळखले. एक पोरगं गेलं तेव्हा थोरलीला यायला वाट नको म्हणून तिनं त्याचं दुपटं कोंबलं होतं. दुसरं गेलं तेव्हा दुसरं, आणखी घट्ट.

खाली बसून मी महिने मोजले. थोरली पौषात गेली. दोघं भाऊ, एक मार्गशीर्षात, एक पौषात. दादा चैत्रातला, मी वैशाखातली. उन्हाळ्यात शेक कोण सोसतंय? आमच्या वेळी मायची बाज ओसरीवर होती.

कळायचं ते सगळं कळलं. पण मायला सांगू कसं, की तुझी लेकरं थोरलीनं नाही, तू नेलीस? त्या शेगडीत तिनं स्वतःच्या हातानं निखारे भरले होते. मी खूप रडले. मग दुपटी होती तशी परत कोंबली आणि जाते म्हणून हट्ट धरला. बारशापर्यंत माय पाठमोरी झाली की शेगडी दाराबाहेर सारत राहिले. भित्री, नाटकी, शहरात जाऊन शेफारली, सगळं ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी दादाचं पत्र आलं, वैनीला दिवस गेलेत, पौषात होईल. वैनीला माहेर नव्हतं, म्हणजे खोली तीच. माझा अन्नावरचा जीव उडाला. शेवटी नवऱ्याला बसवलं आणि दादाला पाठवायचं पत्र तोंडी सांगितलं. थोरली माझ्या सपनात आली. म्हणती, मी आत कोंडली गेले, मला वर जायला वाट द्या. सानं उघडा, पोरांची दुपटी माझ्या ओटीत घालून नदीत सोडा, आणि पुन्हा बुजवू नका. शेगडी दाराभाईर ठेवा, मला तिची झळ लागती. नवरा भडकला. म्हणे मी शिकलेला माणूस, भुताचं पत्र लिहू? मी म्हटलं, लिहा, न्हाईतर माझ्या भावाचं लेकरू मरंल. लिहिलं बिचाऱ्यानं.

माय स्वतः माळवदावर चढली आणि सानं मोकळं केलं, असं दादानं कळवलं. त्या पौषात तू झालीस, सुमन. तुझ्या रडण्यानं गल्ली जागी झाली म्हणे.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला माय सिकंदराबादला आली. हिवाळाच होता. शेगडी व्हरांड्यात, खिडक्या उघड्या. मायनं दोन दिवस नुसतं पाहिलं. शेगडीकडं, खिडकीकडं, लेकराकडं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडं पाठ करून.

“यमे, थोरली खरंच आली होती तुझ्या सपनात?”

“व्हय,” मी म्हणाले.

ती बराच वेळ मांडी हलवत राहिली.

“मंग ठीक हाय,” म्हणाली. “न्हाईतर ती मीच झाले असते.”

त्यानंतर तो विषय निघाला नाही. तिला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. माझं सगळं आयुष्य या शहरात गेलं, पण घर म्हटलं की मला हट्टाच आठवतं, आणि हट्टा म्हटलं की ते माझं ‘व्हय’. त्याच्या आडोशानं माय आणखी वीस वर्षं जगली.

खिडक्या समोरासमोर ठेव, प्रत्येक खोलीला. आणि घर पाडायच्या आधी मागच्या खोलीत एकटी जा. थोरलीला सांग, “तू कुणाला नेलं नाहीस.” तीही बिचारी त्याच विस्तवानं गेली, आणि मायला वाचवायला मी थोरलीवरचा आळ तसाच ठेवला. मला तिची माफी मागायची आहे, पण आता तिथवर येववत नाही.