गायीच्या घमेल्यात गेलेली मतं

पार्वताबाई हिवरखेडहून लग्न होऊन अकोल्याला आल्या, त्या मोर्णेकाठच्या मळ्यातच रमल्या. मेथी, वांगी, कडेनं शेवंती. नवरा गेला, तरी मळा त्यांनी पडू दिला नाही. स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण मुलींच्या हायस्कुलाच्या बोर्डिंगात रोज भाजी घालता घालता त्यांनी धाकट्या शकुनला त्याच शाळेत घातलं. शकुन दर वर्षी पहिली येऊ लागली. हे देणं गोदावरीबाई हेडमास्तरणींचं, असं पार्वताबाई मळ्यातल्या बैलालासुद्धा सांगत.

१९३४ साली शकुन दहावीत गेली आणि थोरले दीर पुंजाराम बोलू लागले.

"पहिला नंबर काय चुलीत घालतं? चार पोरीत मान भेटला तर मॅट्रिकपर्यंत थांबतो. नाई तर बाळापूरचं स्थळ पक्कं."

मानाची जागा एकच होती, मुख्य विद्यार्थिनीची. सन्मानयादीत नाव असलेल्या मुलींनीच तिच्यासाठी उभं राहायचं. त्या वर्षी दोघी उभ्या राहिल्या: शकुन आणि वकिलांची विमल. गोदावरीबाईंची मतदानाची रीत साधी होती. शकुनसाठी सरकी, विमलसाठी तूर. पडद्याआड जाऊन मडक्यात एकच दाणा टाकायचा. वरच्या वर्गांतल्या त्रेसष्ट मुलींनी दाणे टाकले, मडकं बोर्डिंगच्या ओट्यावर ठेवलं आणि सगळ्या जेवायला बसल्या.

तेवढ्यात पार्वताबाई भाजीची टोपली घेऊन आल्या. मतदान आज आहे, हे त्यांना माहीत होतं. ते दाण्यांनी होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मडक्यात डोकावून पाहिलं, तर सरकी आणि तूर एकत्र! कुणीतरी सांडलेलं वेचून ठेवलं असावं. त्यांच्या हाताला अन्न वाया घालवणं ठाऊक नव्हतं. तुरीचे दाणे निवडून पळसाच्या पानावर ठेवले, आणि सरकी शेजारीच बांधलेल्या बोर्डिंगच्या गायीच्या घमेल्यात टाकली. गायीनं घमेलं चाटून पुसून साफ केलं.

मुली हात धुऊन आल्या, गोदावरीबाईही आल्या.

"मडकं कुणी रिकामं केलं?"

"म्या केलं, बाई. तूर माणसाले ठेवली, सरकी गायीले देल्ली."

क्षणभर कुणाला कळेना. मग हसण्याचा एकच फवारा उडाला.

"अगं, मतं गायीनं खाल्ली!"

शकुन तेवढी हसली नाही. "माय वो, ते माहे मतं होते," ती हळूच म्हणाली.

पार्वताबाईंनी कपाळावर हात मारला. आपल्याच हातानं पोरीचं बाळापूर पक्कं केलं की काय! त्यात मागून कुणीतरी टोचलं, "तूर तरी सगळी आहे ना? का थोडी ओच्यात गेली?"

पार्वताबाईंनी तिथंच ओचा सोडून झटकला. चार मेथीची पानं पडली. "पाहून घ्या, बाई. पन माह्या चुकीची शिक्षा पोरीले नोका देऊ. पुन्हा मतं घ्या."

"उद्या घेऊ," गोदावरीबाई म्हणाल्या.

विमल पुढं आली. "नको, बाई. आता कुणाला दया येईल, कुणाला राग. आज दिलेलं मतच खरं." मग मुलींकडे वळून म्हणाली, "मला तूर टाकली त्यांनी हात वर करा. लाजू नका, मी तुमचीच आहे!"

हात वर होत गेले. विमलनं मोठ्यानं मोजले: सत्तावीस. पळसाच्या पानावरचे दाणे मोजले: सत्तावीस.

"एक दाणासुद्धा हलला नाही," ती म्हणाली. "उरल्या छत्तीस. शकुनच्या."

गोदावरीबाईंनी मान हलवली आणि नोंदवहीत शकुनचं नाव लिहिलं. पार्वताबाईंनी विमलच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळी हकिगत ऐकून पुंजाराम इतके हसले की त्यांना ठसका लागला. "गायीनं बी आपल्याच पोरीचे मतं उचलले म्हना!" मग पाणी पिऊन म्हणाले, "बाळापूरले सांगतो, दोन वर्षं थांबा. नाई थांबत, तर दुसरी पाहा."

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई टोपलीभर शेवंती घेऊन वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या. विमलची आई बाहेर आली. "कशी दिली फुलं?"

"इकाले नाई आनली, बाईसाहेब," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमची पोरगी कुठी हाय?"