बाटलीवाल्या बाईंचा बगळा

आमची ही अठ्ठावीस वर्षं बाटल्या बघत होती. सरबताच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडकलेली हेरायची आणि बाजूला काढायची, हे तिचं काम. मिनिटाला साठ बाटल्या. मी तेवढीच वर्षं स्टुडिओत माणसांना "हलू नका" सांगत आलो. म्हणून स्टुडिओ बंद केल्यावर मिररलेस कॅमेरा घेतला तो मी, आणि उडते पक्षी टिपायला तळ्यावर जाऊ लागलो तोही मीच. ही नुसती सोबत यायची.

पक्षी काही माझं "हलू नका" ऐकेनात. कधी शेपटी यायची, कधी नुसतं आभाळ. पक्षिमित्र मंडळाच्या प्रदर्शनानं माझे फोटो दोनदा साभार परत केले होते. यंदाही तेच झालं तर कॅमेरा विकणार, असं मी घरात जाहीर करून बसलो.

फोटो पाठवायच्या शेवटच्या आठवड्यात एक बगळा चौकटीत सापडला. घरी येऊन पाहतो तर पंख वेडेवाकडे!

"कॅमेराच खराब आहे," मी म्हणालो.

हिनं चष्मा पुसून फोटो पाहिला. "अहो, बगळ्याचं राहू द्या. मागचा दिव्याचा खांब बघा. तोही तिरका आलाय. त्याला कोणी वाकवलं?"

पक्षी बिचकू नयेत म्हणून मीच बिनआवाजाचं शटर लावून ठेवलं होतं. ते चित्र ओळीओळीनं उतरवतं, तोवर पंख हललेला असतो, आणि पक्ष्यामागे फिरवलेला कॅमेराही; म्हणून खांबसुद्धा तिरका. जन्मभर फोटो काढून हे माझ्या ध्यानात आलं नाही. 'नाचता येईना, अंगण वाकडं' असं ती तोंडानं म्हणाली नाही. डोळ्यांनी म्हणाली.

मी खटखट वाजणारं शटर लावलं आणि कॅमेरा तिच्याच हातात दिला. चौथ्या सकाळी बगळा पाण्यातून वर उडाला.

"मागे धावायचं नाही," कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता ती म्हणाली. "तो जिथे येणार तिथे नजर ठेवायची. बाटलीचं तसंच असतं." आणि कमरेतून सावकाश वळत गेली.

फोटोत पंख पुरते उघडलेले, डोळा लख्ख, पायावरून निसटणारा थेंबसुद्धा स्पष्ट. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

प्रदर्शनाचा अर्ज मी आधीच माझ्या नावानं भरला होता. "तुमचंच नाव असू द्या, इतकी हौस आहे तुम्हाला," ती म्हणाली. चहा गार होईपर्यंत मी त्या अर्जाकडे बघत बसलो. मग फाडला, आणि तिच्या नावानं नवा भरला.

प्रदर्शनात मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अखेर जमलं म्हणायचं तुम्हाला!"

"मला कुठलं? हिला जमलं," मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की चार माणसं वळून बघायला लागली. छाती अशी फुगली होती की जणू बगळा मीच उडवला होता.

ही मात्र फोटोखालची चिठ्ठी वाचत होती. तिनं माझी बाही ओढली. "अहो, 'अनुभव: अठ्ठावीस वर्षं' काय लिहिलंत? कॅमेरा धरून मला चारच दिवस झाले होते."

"अठ्ठावीस वर्षांत एक तरी तडकलेली बाटली सुटू दिलीस का?"

"नाही."

"मग बरोबर लिहिलंय."