अठरा तासांची विश्रांती

डेपोत सगळे त्याला मिनिटराव म्हणत. आठला एक मिनिट कमी असताना हा खुर्चीत, पाचावर एक मिनिट झालं की हातात डबा. मधला सगळा वेळ कॉम्प्युटरच्या त्या कोंदट खोलीत जायचा, जिथे पंखा लावला तर कागद उडत आणि बंद केला तर जीव उडे. अशा माणसाने घड्याळातच घोटाळा करून ठेवावा, याला म्हणायचं तरी काय!

त्याचा थोरला भाऊ त्याच डेपोत बस चालवायचा. सव्वीस वर्षं, एक ओरखडा नाही. वडील लवकर गेले, तेव्हा दादाने शाळा सोडून स्टिअरिंग धरलं आणि धाकट्याला शिकवलं. दादाला त्याचा अभिमान इतका, की कँटीनमध्ये चहा पिता पिता कुणालाही धरून सांगायचा, “ते ड्युटीचं सगळं आमच्या धाकट्याने लिहिलंय बरं का!” ऐकणारे कंटाळत, पण दादा काही कंटाळत नसे.

ड्युटीचं म्हणजे काय, तर पहाटेच्या गाड्यांचं. पहाटेची गाडी काढणाऱ्याला आठ तास विश्रांती मिळालेली हवी, असा नियम. कोण किती वाजता उतरला, किती वाजता चढणार, हे आकडे घालायचे. प्रोग्रामने विश्रांती मोजायची. आठाच्या आत आली तर नाव लाल. बाकीची नावं उतरत्या क्रमाने, सगळ्यात जास्त आराम झालेला सगळ्यात वर. ड्युटी लावणारा कारकून डोळे झाकून वरचं नाव उचलायचा.

चार वर्षांपूर्वी प्रोग्राम पहिल्यांदा दाखवायचा होता, तेव्हा साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. मिनिटरावाने घाईघाईत आकडे घातले. उतरला रात्री अकराला, म्हणजे तेवीस. चढला पहाटे पाचला. पाचातून तेवीस वजा. पडद्यावर आलं, उणे अठरा.

“विश्रांती उणे कशी असेल हो?” साहेब हसले. “माणसाने काय झोप उसनी घेतली? ते चिन्ह काढा बुवा.”

मध्यरात्रीनंतर घड्याळ शून्यापासून सुरू होतं, म्हणून उणे आलं की चोवीस मिळवायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण साहेब बसलेले, चहा आलेला, सगळे पडद्याकडे बघतायत. त्याने नुसतं उण्याचं चिन्ह पुसलं. तात्पुरतं! नंतर नीट करू म्हणाला. आणि या जगात तात्पुरत्या गोष्टींइतकी पक्की गोष्ट दुसरी नाही, हे तुम्हीआम्ही सगळे जाणतोच.

पुढे गंमत बघा. दुपारी दोनला घरी गेलेल्या माणसाला प्रोग्राम पंधराऐवजी नऊ तास विश्रांती दाखवी आणि रात्री अकराला उतरलेल्याला अठरा. जो जितका उशिरा उतरे, तो तितका ताजातवाना ठरून यादीत वर चढे. मध्यरात्रीनंतर उतरलेल्यांची नावं मात्र बरोबर लाल होत, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पेंगणारे ड्रायव्हर कुरकुरत. पण ड्रायव्हर कधी कुरकुरत नाहीत?

त्या दिवशी यादीत सगळ्यात वर दादाचं नाव होतं. गाडी शहराबाहेर पडली आणि पुलाच्या कठड्यावर गेली. दादाचा पाय दोन ठिकाणी मोडला. पुढच्या सीटवर एक शिक्षिका बसल्या होत्या, त्या जागीच गेल्या.

चौकशीचा निकाल घरी आला तो रविवारी दुपारी. दादा आतल्या खोलीत पाय टांगून पडलेला. बाहेर वहिनी कागद वाचत होती. पुरेशी विश्रांती मिळूनही निष्काळजीपणे झोप, नोकरीवरून कमी, पोलिसांकडे कागद रवाना.

“भावजी,” वहिनी म्हणाली, “अठरा तास विश्रांती लिहिलंय. कुठले अठरा? आदल्या रात्री साडेअकराला मी यांना जेवायला वाढलं. चारला उठवलं. मी बाई अडाणी, पण एवढं कळतं.”

मिनिटरावाने तिच्या हातातून कागद घेतला. त्या अठराच्या मागचं उणे, चार वर्षांनी, त्याला लख्ख दिसलं.

सोमवारी तो साडेसातलाच ऑफिसात. आणि काय केलं असेल त्याने? आधी चूक दुरुस्त केली! अहो, लाज माणसाला शहाणपण सुचू देते थोडीच? उणे आलं तर चोवीस मिळव, एवढी एक ओळ. जुनी प्रत होती, तिच्यावरच नवी चढवली, म्हणजे चुकीचा पुरावाही पुसला. दादाचे आकडे घातले. सहा. नाव लालभडक. मग तो धावत साहेबांकडे गेला.

साहेबांनी पडदा पाहिला, चौकशीचा कागद पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

“कागदावर अठरा. आज तुमच्या मशीनवर सहा. मध्ये हात कुणी लावला?”

“मीच. चूक माझीच होती साहेब, ती दुरुस्त—”

“भावासाठी केलीत. सरळ बोला ना.”

“साहेब, जुन्या छापील याद्या काढा! रात्री अकराला उतरलेल्या सगळ्यांना अठराच दिसतील. चार वर्षं, रोज!”

चार वर्षं, रोज, हे साहेबांना बरोबर कळलं. त्यांनी उठून दार लावलं. “त्या याद्या निघणार नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या चुकीसाठी मी अख्खा डेपो बंद पाडू? फाइल मिटलीय. आणि पुन्हा मशीनला हात लावलात तर तुमच्याही नावाने फाइल उघडेन.”

तेलही गेलं, तूपही गेलं. एकदा वाटलं, घरी काही बोलूच नये. पण रोज त्या दारातून आत जायचं कसं? पाचची वाट न बघता तो दुपारीच निघाला.

दादा जागाच होता. मिनिटराव पलंगाशी खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. साहेब, चहा, पुसलेलं चिन्ह, काहीही लपवलं नाही. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. पदर तोंडाशी धरून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

“शिव्या दे दादा. मार मला,” तो म्हणाला.

दादा छताकडे बघत होता. “त्या दिवशी डोळे चुरचुरत होते रे,” तो म्हणाला. “कारकुनाला म्हटलं, आज नको मला. त्याने पडदा फिरवून दाखवला. अठरा. मी तिथेच उभं राहून बोटांवर मोजले. बारा, एक, दोन, तीन, चार, पाच. सहाच भरत होते. पुन्हा मोजले. तरी सहाच.”

“मग दादा, बोलला का नाहीस?”

“धाकट्याने लिहिलंय म्हटल्यावर चुकेल कसं? म्हटलं, आपण अर्धवट शिकलेले, आपल्यालाच मोजता येत नसेल. म्हणून चढलो गाडीत.” त्याने हात वर करून अंगठा पुन्हा एकेका पेरावरून फिरवला. सहाव्याला थांबला.

“म्हणजे बरोबर मोजले होते मी,” दादा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.