फक्त हजर

आमचे दाजी जन्मभर रागावलेले होते. आता ते नाहीत, तेव्हा मला वाटतं, की साऱ्या गावाच्या वाटणीचं रागावणं त्या एका माणसानं अंगावर घेतलं म्हणूनच आम्ही बाकीचे सभ्य राहू शकलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे वडगावचे, हातमागावर साड्या विणणारे. लग्नानंतर ते बेळगाव आणि निपाणीच्या मधल्या आमच्या लहानशा गावात आले आणि विणकर गल्लीतल्या घरात त्यांनी मागासाठी खड्डा खणला. त्या खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत ते दिवसभर विणत आणि विणताना पालिकेवर रागावत. आडव्या सुताचा धोटा उजवीकडे गेला की नगरसेवक, डावीकडे आला की इंजिनिअर. साडी मात्र इतकी मऊ उतरे, की नेसणारीला त्यातल्या रागाचा पत्ता लागत नसे.

हा राग नुसता तोंडचा नव्हता, लेखी होता. पालिकेनं कुठल्याही योजनेवर नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवल्या, की पहिला अर्ज दाजींचा. एक प्रत कानडीत, एक मराठीत. "समजलं न्हाय म्हणायला जागा ऱ्हायला नगं." त्यांचं कानडी माझ्या मराठीपेक्षा शुद्ध होतं. पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस तेराव्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या मागच्या अंगाला चिकटवली जाते, हे ठाऊक असल्यानं ते रोज सकाळी टाकीभोवती एक फेरी मारत. नव्यानं राहायला आलेल्या बायका त्यांना भाविक समजायच्या. आक्का म्हणायची, "ह्येंना भूक लागली तरी अर्जच करत्यात. त्यो बी दोन प्रतीत." अर्ज दिल्यावर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय ते खिडकीसमोरून हलत नसत. एकदा कारकुनानं शाईचा पॅड वाळला आहे असं सांगून त्यांना "नाळे बर्री", उद्या या, असं ऐकवलं. दाजी घरी गेले, सूत रंगवायच्या डाळिंबी रंगाची बाटली घेऊन आले आणि त्यांनी ती पॅडवर उपडी केली. पुढचा महिनाभर गावातले जन्माचे आणि मृत्यूचे सगळे दाखले डाळिंबी शिक्क्याचे निघाले. "पालिकेचं एक तरी काम पक्क्या रंगाचं झालं," दाजी म्हणाले.

मग आमच्या विणकर गल्लीत नवं गटार बांधायचं ठरलं आणि त्यासाठी पालिकेनं 'नागरिक सहभाग सभा' घेतली. हे नाव आठवलं, की पुस्तकांत तोंड खुपसून बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचीही कानशिलं तापतात. मंगल कार्यालयाच्या दारात एका कोऱ्या कागदावर हजेरीची सही घेऊन चहा-उप्पिटाचं कूपन देत होते. दाजी सवयीप्रमाणे तासभर आधी आलेले. पहिली सही त्यांची, साडीच्या काठासारखी लांबलचक. आत दिवा लावला, हार घातले, भाषणं झाली. आणि सहभाग म्हणून आम्हाला विचारलं काय, तर बागेतली बाकं हिरवी हवीत की निळी! गटार किती खोल, उतार कुठल्या बाजूला, हे ठरून गेलं होतं. ते समोरच्या पडद्यावर अर्धा मिनिट दिसलं आणि गेलं. तेवढ्या वेळात दाजींनी वाचलं. ते उठले, पिशवीतून गवंडी पातळी मापायला वापरतात तशी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी काढली आणि तिचं एक टोक इंजिनिअरच्या हातात दिलं. "सायेब, धरा जरा." साहेबांनी मुकाट्यानं धरलं.

"काल ह्याच नळीनं मी गल्ली मापली," दाजी म्हणाले. "तुमचं गटार आमच्या उंबऱ्यापरास वीतभर वर येतंय. पाणी काय जिना चढून जाणार व्हय?"

नळी हातात धरून साहेब ती कुठे ठेवावी ते शोधत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे."

"कुठं? दावा की."

लोक हसले. मीही हसलो. त्याची आता लाज वाटते.

गटार झालं, बरोबर वीतभर वर. पावसाळ्यात वरच्या पेठेचं पाणी आमच्या गल्लीत तुंबलं, उंबरे ओलांडून आत आलं आणि घरातली सर्वांत खोल जागा शोधत मागाच्या खड्ड्यांत उतरलं. मागावर चढवलेले सुताचे ताणे कुजले. शेजारच्या दोघांनी माग मोडून चुलीत घातले. ज्या गल्लीत पहाटेपासून मागांचा आवाज असे, तिथे बादल्यांनी पाणी उपसल्याचा आवाज येऊ लागला. दाजी आणि मी पालिकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे फाइल उघडून एका कागदावर बोट ठेवलं. दारातला तोच हजेरीचा कागद. कोऱ्या माथ्यावर आता टाईप केलेली ओळ होती: खाली सही करणारे आम्ही रहिवासी या आराखड्यास पूर्ण संमती देत आहोत. खाली पहिली सही दाजींची.

"पुढाकार तर तुम्हीच घेतलाय, आजोबा," तो हसून म्हणाला.

माझ्या हाताशी काचेचा पेपरवेट होता. तो मी फेकला नाही, हे माझं शिक्षण. आणि त्या शिक्षणाचा मला आजही राग येतो. दाजींना मी हजारदा रागावताना पाहिलं होतं. न रागावलेले दाजी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि घाबरलो. घरी येऊन ते मागावर बसले. पाय खड्ड्यातल्या पाण्यात, घोट्याच्या वरपर्यंत. "उप्पिटापायी सही केली रं मी," ते म्हणाले. "समद्यांच्या घरात पाणी माझ्या सहीनं आलं."

त्यानंतर त्यांनी नुसती सही कधी केली नाही. पेन शर्टाच्या गुंडीला सुताच्या दोऱ्यानं बांधून ठेवलं आणि कुठेही सही करायची झाली, की पुढे लिहायचे: फक्त हजर. संमती नाही. कुरिअरवाल्याच्या कागदावर तेच. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर 'फक्त पाहिले. संमती नाही' असं लिहिल्यानं बाईंनी आक्काला शाळेत बोलावून घेतलं. दवाखान्यात ऑपरेशनचा फॉर्म पुढे आला, तेव्हा त्यांनी चष्मा मागितला, माथ्यावरची रिकामी जागा तिरकी रेघ मारून बंद केली आणि मगच सही केली. "मोकळी जागा ठेवू नगंस," मला म्हणाले. "मागनं त्यात काय बी भरत्यात." त्या दवाखान्यातून ते घरी आले नाहीत.

गेल्या महिन्यात पुन्हा नागरिक सहभाग सभा झाली. विषय आमच्याच गल्लीचा: त्या गटारावर फरशा घालून फूटपाथ करणे. गटार खाली घ्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं. चूक झाकायलाही यांना आमचा सहभाग हवा होता. आक्का म्हणाली, मी येणार. दारात तसाच कोरा कागद होता. तिनं दाजींचं पेन उघडलं, कागदाच्या माथ्यावर आडवी जाड रेघ ओढली, एक ओळ सोडली आणि दुसऱ्या ओळीवर सही करून पुढे लिहिलं, फक्त हजर. संमती नाही. तिच्यामागून सगळ्या गल्लीनं तेच लिहिलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठ्यापुढे दुसऱ्याकडून लिहून घेतलं. कूपन कुणीच उचललं नाही.

कारकुनानं कागद उचलला. "आक्का, पहिली ओळ मोकळी का सोडलीसा?"

"ती ह्येंची," आक्का म्हणाली. "ह्ये सगळ्यांच्या आधी येत्यात."

कारकून कागद फाइलीत ठेवू लागला. मला मात्र दाजींचं दवाखान्यातलं वाक्य आठवलं. मी कागद पुन्हा टेबलावर ठेवायला लावला आणि आक्काकडे पेन मागितलं. पहिल्या ओळीवर दाजींचं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं: गैरहजर. संमती नाही. पेन आक्काच्या मनगटाला त्याच दोऱ्यानं बांधलेलं होतं, त्यामुळे लिहिताना तिचा हातही माझ्या हाताबरोबर त्या ओळीवरून सरकत गेला.