मातीला दोष देता येऊ नये म्हणून

माझी थोरली वहिनी एखाद्यावर वर्षभर राग धरू शकते आणि त्या वर्षभरात त्या माणसाला एकदाही आवाज चढवून बोलत नाही. मी तिची नणंद आहे. नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक सहसा बाहेर पडत नाही, त्यामुळे हे कौतुक समजायचं की तक्रार, ते तुम्हीच ठरवा.

माझे दोन भाऊ एकाच घरात राहायचे. खाली थोरला, म्हणजे आमचा दादा, आणि वर धाकटा. मी गल्लीच्या टोकाला राहते, त्यामुळे दिवसाआड माझी फेरी ठरलेली. घरामागे गाडी ठेवायची एक खोली आहे. गाडी केव्हाच विकली आणि त्या जागी वहिनीचं कुंभारकामाचं चाक आलं. विजेवर चालणारं, गुडघ्याएवढ्या उंचीचं, कडेला वाळलेल्या चिखलाचे थर चढलेलं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेली ओली भांडी, कोपऱ्यात भट्टी. खिडकीत जुन्या दाढीच्या ब्रशपासून तुटक्या चमच्यापर्यंत तिची सगळी हत्यारं एका डब्यात उभी.

सकाळी सगळे कामाला गेले की ती माती मळायला बसायची. कणीक मळावी तशी नाही. ती दोन्ही तळव्यांनी माती पुढे दाबायची, परत अंगावर ओढायची, परत दाबायची. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी भट्टीत भांडं फुटतं आणि शेजारची चार घेऊन जातं. मग गोळे करून, ओल्या फडक्याखाली झाकून, एकेक चाकावर. दुपारी आदल्या दिवशीची भांडी उलटी करून त्यांची बुडं तासायची. तासताना ती बोटाच्या पेरानं बुडावर टकटक करायची आणि आवाजावरून ओळखायची, अजून किती काढायचं ते. मी कितीदा कान लावून ऐकलं, मला सगळे आवाज सारखेच वाटले. भट्टी लावली की गार होईपर्यंत उघडायची नाही, कोणीही गयावया केली तरी. “भट्टीला घाई दाखवली ना, की ती आपल्याला इंगा दाखवते,” असं म्हणायची.

पण विकायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. ती वाटायची. आमच्या नातेवाइकांत एकही घर असं नव्हतं, जिथे वहिनीचा वाडगा नव्हता, आणि त्यातल्या निम्म्या घरांत त्यातून कुत्रा पाणी प्यायचा.

मग धाकट्याची बायको, म्हणजे वहिनीची धाकटी जाऊ, घरात आली. चटपटीत, बोलायला गोड, विम्याच्या ऑफिसात होती. तिनं वाडगे खिडकीच्या उजेडात ठेवून फोटो काढले, लोकांना पाठवले, आणि वर्षभरात मागणी अशी आली की वहिनीला दिवस पुरेना. हे श्रेय मी तिचं काढून घेणार नाही. पुढे तिनं नोकरी सोडली आणि हेच बघायला लागली. भांड्याखाली काहीतरी नाव हवं म्हणून तिनं शिक्का बनवून आणला. शिक्क्यावर स्वतःचं नाव. “वहिनी, तुमचं नाव लांबलचक आहे हो, बुडावर मावत नाही. माझं दोन अक्षरी, उठून दिसतं.” वहिनी हसली होती. “घाल गं, भांड्याला काय फरक पडतो!”

नऊ वर्षं तो शिक्का उमटत राहिला.

मग एका रविवारी पेपरात धाकटीवर अर्धं पान आलं. मीच ते मोठ्या कौतुकानं घेऊन गेले. वहिनी बूड तासत होती. मी उभ्या उभ्या वाचायला लागले. मातीशी जुळलेलं नातं, पहाटेची साधना, बोटांना कळणारी भाषा... आणि शेवटच्या परिच्छेदात: “घरातल्या एक बाई मातीच्या तयारीत मदत करतात.”

वाचून झाल्यावर मला कळलं, मी काय वाचलं ते.

चाक फिरत होतं, मातीची लांब साल निघून मांडीवर पडत होती.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.

“फोटो दाखव.” फोटोत धाकटी चाकावर बसलेली, हात मातीवर ठेवलेले. वहिनीनं डोळे बारीक करून पाहिलं. “नखं बघ तिची,” एवढंच म्हणाली. नखांना गुलाबी रंग होता.

संध्याकाळी तिनं धाकटीला एकदाच विचारलं, माझ्यासमोर. “त्या बाई कोण गं?”

“अहो वहिनी, मी सगळं सांगितलं होतं त्यांना! त्यांनीच कापलं. असल्या गोष्टी तुम्ही कशाला मनावर घेता?”

दादा टीव्हीवरून मान न वळवता म्हणाला, “सोड ना. घरातलंच तर आहे.”

वहिनीनं सोडलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. माती, चाक, भट्टी, सगळं रोजच्यासारखं चाललं. उलट भांडी आणखी चांगली व्हायला लागली, पातळ, घंटेसारखी वाजणारी. धाकटीशी ती नेहमीसारखीच बोलायची. तिनं कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. मी मात्र तिला ओळखते. जेवताना ती मीठ मागायची बंद झाली होती. राग आला की तिला कशाचीच चव लागत नाही, मग मिठाचं काय काम?

सात महिने गेले. एक दिवस मी तिथे असताना धाकटीचा फोन खालच्या ओट्यावर राहिला होता आणि वाजत होता. वहिनीनं हात पुसून उचलला. एका मोठ्या प्रदर्शनाचे संयोजक होते. धाकटीची भांडी तिथे मांडायचं आधीच ठरलेलं होतं. आता ते विचारत होते, मॅडम उद्घाटनाच्या दिवशी लोकांसमोर चाकावर भांडं घडवून दाखवतील का?

“दाखवतील की,” वहिनी म्हणाली. “तासभर? हो, तासभर बसतील. पत्रिकेत छापा ना, अगदी ठळक छापा.”

फोन ठेवून ती परत चाकाकडे गेली. धाकटीनं नऊ वर्षांत चाकाला हात लावला होता तो फक्त त्या फोटोपुरता.

वहिनीनं हे आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. पत्रिका छापून घरोघरी पोचल्या, धाकटीच्या आईचा अभिनंदनाचा फोन आला, तेव्हा धाकटी धडाधड जिना उतरून खाली आली.

“वहिनी, तुम्ही हो कशाला म्हणालात?”

“अगं, पेपरात फोटो होता ना तुझा,” वहिनी अगदी भाबडेपणानं म्हणाली. “मला वाटलं, येत असेल.”

“आता मी काय करू?”

“दहा दिवस आहेत. शिकवते मी.”

आणि तिनं खरंच शिकवलं. मला आधी वाटलं, ही मुद्दाम काहीतरी उलटंसुलटं शिकवणार. मी दारात उभी राहून ऐकायचे. एक शब्द खोटा नव्हता. “कोपर मांडीला टेकव. मनगटानं नको, अंगानं दाब. माती मध्यावर आली की हात थरथरत नाहीत, तोवर पुढे जायचं नाही.” धाकटीचे गोळे दर वेळी डळमळायचे, कलायचे, हातातून निसटायचे. वहिनी न वैतागता दुसरा गोळा द्यायची.

मी एकदा दोघीच असताना विचारलं, “त्या दिवशी तिला भुसभुशीत माती देणार आहेस ना? की खडे घालणार आहेस आत?”

वहिनीनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला माझीच कीव आली.

“खडे घातले तर ती म्हणेल, माती वाईट होती. चाक दुसरं दिलं तर म्हणेल, चाक वाईट होतं. तिला माझं चाक देईन. माझं स्टूल देईन. आयुष्यात मळली नाही इतकी चांगली माती मळून देईन. कशाला म्हणून दोष देता येऊ नये तिला. मग लोकांना दिसेल ती फक्त तीच.”

मला तिची भीती वाटली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.

सहाव्या दिवशी धाकटीचा गोळा मध्यावर आला. चाक फिरतंय आणि माती जागच्या जागी स्थिर, जणू हलतच नाही. “वहिनी, बघा! बघा ना!” ती लहान मुलीसारखी ओरडली आणि चिखलाच्या हातांनी तिनं वहिनीला मिठी मारली. पंज्याचे दोन ठसे वहिनीच्या पाठीवर उमटले. मला वाटलं, विरघळली ही आता.

“छान,” वहिनी म्हणाली. “परत कर.”

परत नाही जमलं. पुढच्या चार दिवसांत दहातून एकदा जमायचं. वहिनीनं मला नंतर सांगितलं, “त्या क्षणी माझ्या तोंडावर आलं होतं, की बाई गं, त्या दिवशी ताप आला म्हणून सांग आणि घरी बस. पण मिठी मारताना ती म्हणाली काय, ऐकलंस? म्हणाली, ‘सोपंच आहे की हो हे!’”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अकराला हॉल भरला. मागे टेबलांवर नऊ वर्षांतली निवडक भांडी, पुढे वहिनीचं चाक, शेजारी डब्यात ओल्या फडक्याखाली सहा गोळे, एकाच मापाचे, गुळगुळीत. धाकटी नवा एप्रन घालून बसली. दोन मिनिटं गोड बोलली. मग पहिला गोळा चाकावर आपटला.

तो डळमळला. तिनं पाणी जास्त घातलं. गोळा हातातून सुटून कडेला घसरला. लोक समजूतदारपणे हसले. दुसऱ्यात तिनं घाईनं मध्यभागी अंगठे घातले, भांड्याची भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी, आणि उभी राहते न राहते तोच ती गळपटून बसली. तिसऱ्याचा चिखल उडाला तो पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा शांतपणे पुसला आणि विचारलं, “मॅडम, मागची भांडी याच पद्धतीनं केलीत का?” त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

धाकटीनं आमच्या रांगेकडे पाहिलं. “वहिनी,” ती हलकेच म्हणाली, “या ना.”

वहिनी उठली. हातातलं घड्याळ काढून तिनं माझ्याकडे दिलं. चाकावर बसली, त्याच डब्यातला चौथा गोळा उचलला. तीन-चार मिनिटांत तिच्या तळव्यांतून एक बरणी वर आली, हातभर उंच, गळ्याशी अरुंद. तिनं तारेनं बरणी कापून फळीवर घेतली. टाळ्या सुरू झाल्या, त्या संपेपर्यंत ती थांबली. मग मागच्या टेबलावरचा एक वाडगा उलटा करून तिनं सगळ्यांना बूड दाखवलं.

“हा शिक्का हिच्या नावाचा आहे. भांडी मी केलेली आहेत. इथली सगळी.”

एवढंच. आवाज नेहमीचाच. मग ती बादलीत हात धुवायला वाकली.

खोटं कशाला बोलू? बरी जिरली, असंच वाटलं. मग माझं लक्ष दुसऱ्या रांगेत गेलं. धाकटीची आई पर्स छातीशी धरून, कोणाकडे न बघता, खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडे चालली होती. धाकटी कोपरापर्यंत चिखलात तशीच उभी होती. तिला हात पुसायचंही सुचत नव्हतं.

घरी दादा संतापला. “एवढ्या लोकांत? घरात सांगता आलं नसतं तुला?”

“घरात सांगितलं होतं,” वहिनी म्हणाली. “तुम्ही म्हणालात, सोड.”

महिनाभरात धाकटा आणि धाकटी दुसरीकडे राहायला गेले. सामान उतरवताना धाकट्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. भावाभावांचं बोलणं आता माझ्यामार्फत चालतं. मी म्हणजे दोन घरांमधली तार.

मी वहिनीला विचारलं, “हलकं वाटलं का गं?”

ती विचार करून म्हणाली, “हलकं नाही वाटलं. बरं वाटलं.”

विक्री घसरली. वहिनीनं स्वतः काढलेल्या फोटोंत निम्मा तिचा अंगठाच असतो. मागणीचे फोन आले तर ती दोन दिवस परत फोन करत नाही. शिक्का तिनं केला नाहीच. ओल्या बुडावर खिळ्यानं आपलं लांबलचक नाव कोरते, पूर्ण, आडनावासकट, आणि ते मावतं. वर रिकाम्या खोल्यांत आता तिची वाळायला ठेवलेली भांडी असतात. पश्चात्ताप झाला का, हे मी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं मलाच विचारलं, “कशाचा?”

गेल्या महिन्यात मी धाकटीकडे गेले होते. ती आता आठवड्यातून तीनदा चाकावरचं काम शिकायला जाते, दीड वर्ष झालं. कोणाला सांगितलेलं नाही. निघताना तिनं एक वाडगा माझ्या पिशवीत घातला. “माझा आहे,” म्हणाली, आणि लाजली.

दुसऱ्याच दिवशी वहिनी माझ्याकडे आली आणि तिला तो शेल्फवर दिसला. अशा गोष्टी तिच्यापासून लपत नाहीत.

“कोणी केला?”

“तिनं.”

वहिनीनं वाडगा उचलला, हातात तोलला. चेहऱ्यावर समाधान पसरलं, अगदी लपवता न येण्यासारखं. “बूड किती जड ठेवलंय!” मग तिचं बोट काठावरून फिरलं, कुठेच अडखळलं नाही. एक फेरा झाला. दुसराही झाला.

“कुठे शिकते?”

मी सांगितलं. शिकवणारा कुंभार वहिनीच्या ऐकिवातला होता.

“अच्छा,” ती म्हणाली आणि वाडगा शेल्फवर ठेवला, थोडा मागे, भिंतीशी. “मग काठ त्याचा असणार. बूड तिचं आहे.”